भिंतीआडची वायर आणि सत्याचा प्रश्न

टीव्ही भिंतीवर टांगला की त्याच्या वायरी दिसू नयेत, अशी अपेक्षा आता घरोघरी असते. विजेची वायर, सेट-टॉप बॉक्सकडून येणारी एचडीएमआय केबल, डिशची केबल आणि कधी इंटरनेटची वायर एवढे सगळे पडद्याखाली लोंबत राहिले तर नव्याने रंगवलेली भिंतही गबाळी दिसते. म्हणून त्या झाकल्या जातात. या साध्या कामात एक जुना तात्त्विक प्रश्न आहे. एखादी वस्तू ज्याच्या आधाराने चालते तो आधार नजरेआड करणे हा खोटेपणा आहे का? नसेल, तर झाकणे कुठे संपते आणि फसवणे कुठे सुरू होते?

वायरी झाकण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. भाड्याच्या घरात बहुधा केसिंग-कॅपिंग वापरतात. प्लास्टिकची पट्टी भिंतीवर बसवून वायरी तिच्यात दडपतात आणि वरून भिंतीचाच रंग मारतात. दुसऱ्या रीतीत भिंतीपुढे प्लायवुडचे पॅनेल उभे करून वायरी त्यामागच्या पोकळीतून नेतात. तिसरी रीत कन्सील्ड वायरिंगची. भिंतीत खाच काढून पीव्हीसी पाइप पुरतात, वर प्लास्टर करतात आणि पाइपातून वायरी ओढतात. पहिल्या रीतीत वायर झाकलेली आहे हे नीट पाहणाऱ्याला कळते. तिसऱ्या रीतीत ती तिथे आहे याची खूणही भिंतीवर राहत नाही. त्यामुळे प्रश्न खरा टोकदार होतो तो इथेच.

अदृश्य म्हणजे असत्य, असे समीकरण उपनिषदे मांडत नाहीत. बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात उद्दालक आरुणी याज्ञवल्क्याला दोन गोष्टी विचारतो: हा लोक आणि परलोक ज्यात ओवले आहेत ते सूत्र कोणते, आणि सर्वांना आतून चालवणारा अंतर्यामी कोण? याज्ञवल्क्याच्या उत्तरातला अंतर्यामी पृथ्वीत, पाण्यात, अग्नीत राहतो, त्यांचे नियमन करतो आणि तरीही त्यांना ठाऊक नसतो. दिसत नाही म्हणून तो कमी खरा ठरत नाही. तेव्हा दोष असलाच तर तो न दिसण्यात नाही, न दिसण्याचा जो उपयोग केला जातो त्यात आहे.

वास्तुकलेत हा वाद एकोणिसाव्या शतकात रंगला. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८४९ साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात सत्याला वास्तुकलेच्या सात दीपांपैकी एक मानले. तरीही वास्तुकाराने इमारतीचा सांगाडा उघडा दाखवलाच पाहिजे, असा आग्रह त्याने धरला नाही. माणसाची त्वचा आतली हाडे झाकते, याबद्दल कोणी तक्रार करत नाही, असे त्याचे म्हणणे. त्याचा आक्षेप होता तो खोट्या आधारावर: जो खांब भार पेलत नाही त्याने तो पेलत असल्याचे भासवणे, किंवा लाकडाला संगमरवराचा रंग देणे. याचे दुसरे टोक पॅरिसमध्ये आहे. १९७७ साली खुल्या झालेल्या पोंपिदू केंद्रात रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी सगळे नळ आणि वाहिन्या इमारतीच्या अंगावर बाहेर आणल्या आणि त्यांना रंग वाटून दिले. हवेला निळा, पाण्याला हिरवा, विजेला पिवळा. पण रंगांचा हा संकेत ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाला तिथेही फक्त रंगीत नळ दिसतात. उघडे ठेवल्याने वस्तू दिसते. तिचे ज्ञान होतेच असे नाही.

सत्याची अधिक काटेकोर कसोटी योगदर्शनात सापडते. पतंजलीने यमांमध्ये सत्याचा समावेश केला आणि त्यावरील व्यासभाष्याने त्याची व्याप्ती ठरवली. आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या ठिकाणी उतरावा म्हणून वाणी वापरली जाते. ती फसवणारी, चुकीची किंवा अर्थशून्य असू नये. शिवाय ती प्राणिमात्रांच्या उपकारासाठी असावी. जिच्यामुळे प्राण्यांचा घात होतो ती वाणी सत्य ठरत नाही. म्हणजे इथे दोन प्रश्न एकत्र येतात: दुसऱ्याच्या मनात कोणता बोध उतरतो, आणि त्या बोधावर विसंबून तो वागला तर त्याचे काय होते?

महाभारतातला द्रोणवधाचा प्रसंग याच कसोटीवर समजतो. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. युधिष्ठिराने अश्वत्थामा मारला गेल्याचे मोठ्याने सांगितले आणि हत्तीचा उल्लेख ऐकू न जाईल असा केला. एकेक शब्द तपासला तर त्यात खोटे काही नाही. परंतु जो शब्द दडपला त्याच्यावाचून द्रोणांच्या मनात पुत्रवधाचा बोध उतरला. त्यांनी शस्त्र खाली ठेवले आणि ते मारले गेले. त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार बोटे वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला. ज्या माहितीवर दुसऱ्याचा जीव अवलंबून होता, नेमकी तीच त्याने दडपली, हा त्याचा दोष.

झाकणे आणि फसवणे यांतला भेद अद्वैत वेदान्त आणखी बारकाईने करतो. अज्ञानाच्या दोन शक्ती सांगितल्या जातात: आवरण आणि विक्षेप. आवरणामुळे दोरी दिसत नाही. विक्षेपामुळे तिच्या जागी साप दिसतो. गाढ झोपेत आवरण असते, विक्षेप नसतो; म्हणून झोपलेल्याला काही कळत नाही, पण काही चुकीचेही कळत नाही. प्लास्टरखालची वायर हे नुसते आवरण आहे. त्याच्या जोडीला ‘या भिंतीत काही नाही, कुठेही खिळा ठोका’ असा समज निर्माण झाला की विक्षेप सुरू होतो. दहा वर्षांनी त्या घरात येणारा भाडेकरू फोटो टांगण्यासाठी ड्रिल हातात घेतो तेव्हा त्याच्यापुढे कोरी भिंत असते आणि त्या कोरेपणावर तो विश्वास टाकतो.

इथे चांगल्या कारागिराची शिस्त हीच नीती ठरते. बोर्डापासून टीव्हीपर्यंतचा पाइप तो सरळ उभा नेतो, तिरका नेत नाही. तिरक्या पाइपात अंतर वाचते, वायरही थोडी कमी लागते. पण उभ्या पाइपामुळे एक नियम तयार होतो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत बोलायचे तर व्याप्ती टिकते. जिथे धूर तिथे अग्नी, तसे जिथे बोर्ड तिथे त्याच्या सरळ रेषेत वायर. ड्रिल घेतलेल्या माणसाला वायर दिसत नाही, पण बोर्ड पाहून तिचे अनुमान करता येते. पाइप तिरका गेला की व्याप्ती मोडते आणि अनुमान जिवावर बेतू शकते. प्रत्यक्ष गेले तरी अनुमान शाबूत राहावे, एवढे केले तर झाकण्यात असत्य उरत नाही.

कन्सील्ड कामाचे बाकीचे नियमही याच तत्त्वाचे आहेत. टीव्हीसोबत आलेली विजेची लवचीक वायर प्लास्टरमध्ये पुरायची नाही. त्याऐवजी सॉकेटच टीव्हीच्या मागे न्यायचा. कारण पुरलेल्या वायरीचे वेष्टन खराब झाले तर ते कोणाला कळत नाही आणि ती बदलताही येत नाही. वायरींचा जोड पाइपात सोडायचा नाही, उघडता येणाऱ्या बॉक्समध्येच द्यायचा. तापतो आणि निखळतो तो बहुधा जोडच. वीज आणि सिग्नल यांना वेगळे पाइप लागतात. एचडीएमआयचे टोक सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते. २५ मिलिमीटरच्या पाइपात ते वळणावर अडकते, म्हणून त्या केबलसाठी ४० किंवा ५० मिलिमीटरचा पाइप टाकतात आणि पुढे नवी केबल ओढता यावी म्हणून आत एक मोकळी तार ठेवतात. आरसीसीच्या कॉलमला किंवा बीमला खाच पाडायची नाही. भिंत सुबक दिसावी म्हणून घराचा खरा आधार कमकुवत करणे हा रस्किनच्या खोट्या खांबाहूनही मोठा अपराध. या सगळ्या नियमांमागे एकच धोरण आहे: झाकलेले पुन्हा उघडता आले पाहिजे.

एक सूक्ष्म आक्षेप तरीही उरतो. कोणाला इजा झाली नाही तरी वायर नाहीशी केल्याने पडदा स्वयंपूर्ण असल्याचा भास होतो. नागार्जुनाने ‘मूलमध्यमककारिका’ या ग्रंथात अशाच भासावर बोट ठेवले. जे जे आहे ते कारणांवर अवलंबून आहे, म्हणून कशालाही स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही. भिंतीवरचे चित्र सॉकेटवर, सॉकेट मीटरवर, मीटर कोपऱ्यावरच्या डीपीवर आणि डीपी कुठल्या तरी वीजकेंद्रावर अवलंबून असते. त्यामागे कोयनेचे पाणी असते, चंद्रपूरचा कोळसा असतो आणि पावसात खांबावर चढणारा वायरमन असतो. हा आक्षेप खरा आहे. मात्र तीन फूट वायर लोंबती ठेवल्याने हे परावलंबन ध्यानात येत नाही. मार्टिन हायडेगरने १९२७ सालच्या ‘बीइंग अँड टाइम’ या ग्रंथात दाखवले की वापरात असलेले साधन आपल्या लक्षातून आपोआप मागे सरते आणि मोडले की समोर येते. उघडी वायरही रोजच्या नजरेला दिसेनाशी होते. ती आठवते वीज गेल्यावर. परावलंबनाचे भान राखणे हे विचाराचे काम आहे, ते भिंतीवर सोपवता येत नाही.

तेव्हा निर्णय असा: आधार नजरेआड करणे हा खोटेपणा नाही, तो माहितीआड करणे हा खोटेपणा आहे. वायर झाकणाऱ्याने झाकलेल्याची नोंद ठेवावी. प्लास्टर करण्यापूर्वी उघड्या पाइपांचे फोटो घ्यावेत, बोर्डापासूनची अंतरे कागदावर लिहावीत, आणि घर विकताना किंवा भाड्याने देताना किल्लीबरोबर तो कागदही नव्या माणसाच्या हाती द्यावा.