यादी आधी, मत नंतर

निवडणुकीआधी प्रारूप मतदारयादी लागते. उमरगा तालुक्यातल्या कोणत्याही गावात माणूस ती पाहतो, आपले नाव नसेल तर हरकत घेतो, मयताचे नाव राहिले असेल तर तेही दाखवून देतो. पक्षाचा अध्यक्ष निवडणारा प्रतिनिधी कोण, हे मात्र तीस वर्षे झेंडा धरलेल्या कार्यकर्त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. काँग्रेसच्या घटनेप्रमाणे प्रत्येक ब्लॉकने गुप्त मतदानाने एक प्रदेश प्रतिनिधी पाठवायचा. म्हणजे अध्यक्षपदाचा रस्ता उमरग्यासारख्या गावातून सुरू व्हायला हवा.

1997 च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सीताराम केसरींना 6,224, शरद पवारांना 882 आणि राजेश पायलटांना 354 मते पडली. पवारांचा महाराष्ट्रातला दबदबा पाहता हे आकडे चमत्कारिक वाटतात, पण संघटना ज्याच्या हाती, प्रतिनिधी त्याचे, हे गणित तेव्हाही जुनेच होते.

2022 च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी शशी थरूर, मनीष तिवारी यांच्यासह पाच खासदारांनी प्रतिनिधींची यादी उघड करण्याची मागणी केली. पक्षाचे निवडणूक प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांनी ती उमेदवारांना मिळेल आणि प्रदेश कार्यालयांत पाहता येईल असे सांगितले. थरूर यांनी त्यावर समाधानही व्यक्त केले. पुढे उत्तर प्रदेशातील मतदानाबद्दल त्यांच्याच बाजूने तक्रार झाली. निकाल असा लागला: मल्लिकार्जुन खर्गे 7,897, थरूर 1,072, बाद 416. फरक एवढा मोठा की त्या तक्रारीने निकाल हलला नसता. पण अटीतटीची लढत असती तर? मतपेटी बंद झाल्यावर प्रतिनिधी खरा की खोटा याची चौकशी सुरू झाली, तर हरणारा ती कधीच मान्य करणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

अमेरिकेत 1952 साली रिपब्लिकन पक्षापुढे हाच पेच होता. टेक्सास, जॉर्जिया, लुइझियानातून आयझेनहॉवर आणि टाफ्ट या दोन इच्छुकांचे समर्थक परस्परविरोधी प्रतिनिधी म्हणून शिकागोच्या अधिवेशनात आले. नियम बदलला गेला: ज्यांच्या निवडीवर वाद आहे त्यांनी वादग्रस्त जागांच्या निवाड्यात मत द्यायचे नाही. आपल्याकडे पंचायतीतही ज्याचा बांधाचा तंटा, तो पंच म्हणून बसत नाही. एवढी साधी गोष्ट आपल्या पक्षांनी घटनेत लिहून का ठेवू नये?

प्रतिनिधी कसे निवडायचे हे रीतसर लिहून न ठेवल्याची किंमत उमरग्याने जवळून पाहिली आहे. 17 फेब्रुवारी 2023 रोजी निवडणूक आयोगाने फुटलेल्या शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. पक्षाच्या घटनेतील लोकशाहीचा अभाव दाखवत, संघटनेतल्या बहुमताची कसोटी आयोगाने निर्णायक मानली नाही. मग उरले आमदार-खासदार: 55 पैकी 40 आमदार शिंदेंकडे, त्यात उमरग्याचे तत्कालीन आमदार ज्ञानराज चौगुलेही. शाखाप्रमुख आणि गटप्रमुख, ज्यांनी भिंती रंगवल्या, उन्हात प्रचार केला, ते कुणाच्या बाजूने होते हे मोजलेच गेले नाही. त्यांचे प्रतिनिधी कोण, ते कसे निवडले गेले, हे आधीच रीतसर नोंदलेले असते तर त्यांचा कौल बाजूला सारणे इतके सोपे झाले नसते.

म्हणून माझी मागणी तहसीलच्या मतदारयादीइतकीच आहे. मतदानाआधी महिनाभर प्रतिनिधींची नावे ब्लॉकच्या कार्यालयाबाहेर लावा. हरकतीला पंधरा दिवस द्या. निवाडा करणाऱ्यांत उमेदवारांचा माणूस नको. निवृत्त न्यायाधीश असावा, आणि त्याने कारणे लिहून द्यावीत. ज्याच्यावर हरकत प्रलंबित आहे, त्याने तोवर मत देऊ नये.