गळ कोणता घ्यावा

पुण्याला नोकरीला असलेला माझा पुतण्या दिवाळीला चारठाण्याला आला, तो एक लांबलचक नळकांडं खांद्याला अडकवून. आत चार तुकड्यांची फायबरची काठी, तिला चक्री, चक्रीवर जाड पिवळी दोरी. डबीत कोंबड्याच्या पिसांच्या माश्या, बारीक गळावर बांधलेल्या.

"काका, ट्राउट धरायची काठी हाय ही. काश्मीरला गेलो व्हतो."

ट्राउट आपल्याकडं नसतो. त्याला गार, वाहतं पाणी लागतं. इंग्रजांच्या राजवटीत तो बाहेरून आणून काश्मीर, कुलू, निलगिरीकडं सोडला. आपल्या येलदरीच्या फुगवट्यात तो एक उन्हाळा काढायचा नाही.

पण मला त्या दोरीचं नवल वाटलं. आपल्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनानं दोरा लांब जातो. पिसाच्या माशीला वजनच नाही. म्हणून तिथं दोरीच जड केलेली. दोरी फेकायची, माशी तिच्यामागं जाते. शेवटचा पाच-सहा हात तंगूस मात्र बारीक, माशाला दिसू नये म्हणून. काठीला नंबर असतो, दोरी त्याच नंबरची घ्यायची. हिशेब पक्का हाय.

आमची मंडळी माळकरी. ती चुलीपासूनच म्हणाली, "गांडूळ लावता तवा निदान खायला तरी देता. हे तर निव्वळ पीस!"

मला हसू आलं. गांडुळात लोखंड लपवणं ही काय खरी गोष्ट झाली? लबाडी दोन्हीकडं सारखीच. माझ्या मनाला दुसरंच लागून ऱ्हायलं हाय.

मी पंचविशीत असताना पूर्णेवर जायचो. भोईवाड्यातल्या एका म्हाताऱ्या मामानं मला काठी निवडायला शिकवलं. वेळू बुडात कडक पाहिजे, शेंड्याला लवला पाहिजे. शेंडा लवला नाही तर सगळा झटका दोऱ्यावर येतो. दोरा तर दर साली नवा घ्यायचा, उन्हानं तंगूस सडतो. मी दोन रुपये वाचवले. जुन्याच दोऱ्याला मोठी मरळ लागली, एका हिसक्यात तुटला. मी हळहळलो ते मरळ गेली म्हणून.

दहा-बारा दिवसांनी तीच मरळ मामाच्या जाळ्यात आली. गळ घशात रुतलेला, जबडा सुजलेला, अंग वाळलेलं. काहीच खाता आलं नसावं. मामानं चिमट्यानं गळ उपसला आन् माझ्या तळहातावर ठेवला. बोलला काहीच नाही. माझा गळ मी ओळखला. मारलेल्या माशांची याद मला कधी आली नाही. त्या एका मरळीची येते.

पुतण्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, आम्ही तर धरून सोडून देतो. गळाचा उलटा दात पकडीनं दाबून टाकतो, अलगद निघतो."

"खायचा नाही, तर धरायचा काहून?"

तो गप बसला. मीही गपच. कारण पोट भरलेलं असतानाही मी तासनतास पाण्यावर बसलेला माणूस. काठीला ओढ लागली की छातीत जे होतं, ते भाजीसाठी होत नाही. मग त्याला कोणत्या तोंडानं विचारायचं?

सकाळी आम्ही दोघं फुगवट्यावर गेलो. निघताना मी माझ्या डबीतले सगळे गळ काढले आन् पकडीनं एकेकाचा दात दाबत बसलो. तंगूस ओढून पाहिला. तुटला. जिंतूरवरून नवा आणायचा म्हणून पुतण्यानं गाडी वळवली.