काचेच्या पेटीतली मरळ

आषाढी एकादशीच्या रात्री भजन आटोपल्यावर आमच्या सक्करदऱ्याच्या मंडळींत एक वाद निघाला, आणि तो पारण्यानंतरही मिटला नाही. घर माळकऱ्याचे. नातवाने तलावाच्या काठच्या उथळ पाण्यातून मरळीची चार पिले ओंजळीत धरून आणली आणि बैठकीतल्या काचेच्या पेटीत सोडली. आजोबा संतापले. पोरगा म्हणाला, "आबाजी, मी काय याईले खाऊन राहिलो का? तिथं मोठ्या मासोळीनं गिळलं असतं. मी तं वाचवलं!"

आजोबांना उत्तर सुचेना, म्हणून प्रश्न आमच्याकडे आला. माळ घालताना मासा खाणे आपण सोडले. पण मासा पाळण्याविषयी काय?

आधी राजाचा कायदा पाहू. कारण हा उघड गुन्हा आहे असे मंडळींतले काहीजण छातीठोकपणे सांगत होते. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा 1972 चा कायदा आहे. त्याच्या यादीत समुद्रातला देवमुशी आहे, समुद्रघोडा आहे; मरळीचे नाव नाही. तेव्हा त्या कायद्याने पोरगा सुटला. मात्र पुष्कळ तलावांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते. ढीवर-भोई मंडळींच्या सोसायट्या पैसे भरून तो हक्क घेतात. त्यांना न विचारता ओंजळ भरणे म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणे. मुलाचा खेळ म्हणून कोणी बोलणार नाही, ही गोष्ट वेगळी.

याहून नवलाची बाब प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात आहे. तेथे प्राणी म्हणजे मनुष्याखेरीज कोणताही सजीव. म्हणजे मासाही आला. ज्यात जिवाला पुरेशी हालचाल करता येत नाही अशा पिंजऱ्यात किंवा भांड्यात त्याला कोंडणे हा गुन्हा. आणि माणसाच्या अन्नासाठी, विनाकारण यातना न देता, त्याला मारले तर मात्र हरकत नाही! मारणाऱ्याला मोकळीक आणि कोंडणाऱ्याला दंड, हे वाचून आमच्या एका टाळकऱ्याला हसू आले. आम्हाला आले नाही. मारणाऱ्याला निदान भुकेचे निमित्त असते. कोंडणाऱ्यापाशी काय आहे? डोळ्यांची हौस.

पण पोराचे म्हणणे इतक्याने खोटे पडत नाही. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातली मत्स्यावताराची कथा आठवा. सत्यव्रत राजा कृतमाला नदीवर तर्पण करीत असता त्याच्या ओंजळीत एक लहानशी मासोळी आली. त्याने ती पाण्यात सोडली, तेव्हा ती म्हणाली की मोठे मासे मला खातील, मला टाकू नकोस. राजाने तिला कमंडलूत ठेवले. एका रात्रीत तो पुरेना. मग माठ, मग सरोवर, आणि शेवटी समुद्र. पोराचा युक्तिवाद थेट त्या मासोळीचाच आहे, हे कबूल करावे लागते.

फरक कोठे? ती मासोळी शरण आली होती. ही पिले धरून आणली. मरळीची पिले लालसर झुबक्याने पोहतात आणि त्यांचे पालक खाली राखण करीत असतात. पोराने ज्यांना अनाथ समजून उचलले त्यांना राखणदार होता. शिवाय राजा भांडे बदलत गेला. मरळ हातभर वाढते. आमच्या घरांतल्या पेट्या दोन हाताच्या. आपल्यापैकी किती जण माठापाशीच थांबतो?

हे सारे बोलणे चालले असताना घरच्या सूनबाईने एक गोष्ट सांगितली आणि आम्ही गप्प झालो. पोरगा रोज सकाळी तुळशीवृंदावनाच्या ओल्या मातीत गांडुळे उकरतो. मरळ पडली मांसाहारी. भाताच्या शितांवर ती जगायची नाही. म्हणजे चार जीव वाचवण्यासाठी रोज मूठभर जीव जातात, आणि तेही माळकऱ्याच्या अंगणात. तलावातही मरळ दुसऱ्याला खातेच. पण तिथे ते तिचे तिच्यापाशी. इथे घास आपल्या हाताने घातला जातो.

आमचे मत आम्ही आजोबांना सांगितले: पिले परत न्यावीत, जिथून आणली त्याच काठी. पेटीत बाजारचे मासे नाहीत, म्हणून हे बोलतो. असते तर त्यांचा रोग तलावात गेला असता. आणि बाजारचा मासा तर पुण्य म्हणूनही कोणी नदीत सोडू नये. घरोघरच्या पेट्यांतून सुटलेला सकर मासा आज उजनीत कोळ्यांची जाळी फाडतो, आणि तेच पाणी खाली चंद्रभागेला येते.

आजोबांनी पोरावर हात उगारला नाही, हे बरे केले. द्वादशीला दोघे डबा घेऊन तलावावर गेले. पिले तीनच उरली होती. पोराने ती पाण्यात सोडली आणि झुबका दिसतो का म्हणून बराच वेळ काठावर बसून राहिला.