विद्यापीठांचा हिशेब कोणी मागावा?

पनवेलहून माथेरानच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यास लागून सुकापूर हे गाव आहे. नवीन पनवेलच्या शेजारामुळे ते आता इमारतींनी भरून गेले असून, तेथील घराघरांतून दरसाल परीक्षांचे निकाल लागताच एकच प्रश्न ऐकू येतो : मुलास प्रवेश कोठे मिळणार? रायगड जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्यामुळे कोणी पनवेलमधील महाविद्यालयाकडे पाहतो, तर कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबईची वाट धरतो. प्रवेश मिळाला, फी भरली, की घर निश्चिंत होते. सुकापुरात जे घडते तेच ठाण्यात, रत्नागिरीत आणि पुण्यातही घडते. सुशिक्षित कुटुंबाचा आणि विद्यापीठाचा संबंध असा प्रवेशापासून पदवीपर्यंतचा, म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यातील संबंधासारखा, होऊन बसला आहे. आमच्या मते ही गोष्ट सोयीची असली तरी निर्दोष नव्हे.

विद्यापीठास आपण दोन गोष्टी देतो. एक, कराच्या रूपाने पैसा. आणि दुसरी, आपल्या मुलांच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे. या दोहोंचा विनियोग कसा झाला, हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे, याविषयी कोणी वाद घालणार नाही. परंतु विचारणे हे आपले कर्तव्यही आहे काय? आपल्या मुलाचे काम झाल्यावर जो गप्प बसतो त्याच्याकडे काही दोष जातो काय? प्रस्तुत लेखात आम्हांस या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना जोतीराव फुले यांनी हाच हिशेब मांडला होता. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यत्वे कष्टकरी रयतेचा. आणि शिक्षणावरील सरकारी खर्चाचा मोठा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास, ही विसंगती त्यांनी आयोगाच्या नजरेस आणली. पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे ठेवले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात आणि अबकारीपासून सरकार दरडोई २ रुपयांहून अधिक उत्पन्न घेते, हे त्यांनी दाखवून दिले. शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी १८ पोहोचतात, हेही त्यांनी सभागृहास सांगितले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्च रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर गेले. महाड आणि पनवेल ही त्या वेळी एकाच कुलाबा जिल्ह्यातील ठिकाणे. त्याच जिल्ह्यास १९८१ पासून आपण रायगड म्हणतो. तळ्याचे पाणी सर्वांच्या स्मरणात राहिले आणि अनुदानावरील भाषण ग्रंथांत राहिले. तथापि दोन्ही कृत्यांचे मूळ एकच होते. जे सार्वजनिक पैशावर चालते त्यावर सर्वांचा हक्क आहे, आणि तो हक्क मागितल्याखेरीज मिळत नाही.

त्या भाषणाची रीत आजही शिकण्यासारखी आहे. सरकार एक आकडा सांगते. जाब विचारणाऱ्याने त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावयाचा असतो. खर्चाच्या शेजारी उत्पन्न ठेवावे, शाळेत आलेल्यांच्या शेजारी अखेरपर्यंत टिकलेले ठेवावेत. एकटा आकडा बहुधा कौतुकाचा असतो. दोन आकडे समोरासमोर आले म्हणजे मग प्रश्न निर्माण होतो.

प्रथम पैशाचे पाहू. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च व्हावा, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती स्वीकारली, १९८६ च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला आणि २०२० च्या धोरणानेही तोच आकडा पुन्हा लिहिला. एखाद्या ऋणकोने अर्धशतकाहून अधिक काळ दर नव्या वहीत तेच कर्ज नव्याने मांडावे आणि फेड मात्र पुरी करू नये, त्यातलाच हा प्रकार होय. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रत्येक बाबीपुढे तीन प्रकारच्या रकमा असतात : अर्थसंकल्पी अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. मंत्रिमहोदयांचे भाषण होते ते पहिल्या रकमेवर, आणि वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनी छापली जाते तीही तीच. प्रत्यक्ष खर्चाची रक्कम दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात येते, तोवर ती वाचण्याची उत्सुकता कोणासच उरलेली नसते. महालेखापरीक्षकांचा अहवाल आणि विधिमंडळाची लोकलेखा समिती या व्यवस्था याच विस्मरणावरील उपाय म्हणून घटनेने आणि संसदीय प्रथेने निर्माण केल्या आहेत. परंतु अहवाल वाचणारा नागरिक नसेल तर ती व्यवस्था अपुरीच राहते.

आता विद्यार्थिसंख्येचे पाहू. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक पाहणीनुसार २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. हा आकडा अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या शेजारी कोणता आकडा ठेवावयाचा? वर्गावर पूर्णवेळ शिकवणारे अध्यापक किती आहेत हा एक. आणि प्रथम वर्षास आलेल्यांपैकी पदवी हाती घेऊन बाहेर पडले किती, हा दुसरा. १९८३ पासून महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे युग सुरू झाले आणि प्रवेशाच्या जागा झपाट्याने वाढल्या. त्यामुळे पूर्वी ज्यांस अभियांत्रिकीचे दार बंद होते अशा पुष्कळ कुटुंबांतील मुले आत आली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. तथापि त्याच वेळी खर्चाचा भार सरकारी तिजोरीवरून बापाच्या पगारावर सरकला, आणि अनुदानित महाविद्यालयांतूनही कायम अध्यापकांच्या रिकाम्या जागी तासिका तत्त्वावरील तरुण प्राध्यापक तासागणिक मोबदल्यावर उभे राहिले. सरकारच्या पुस्तकात विद्यार्थ्यांची संख्या वाढलेली दिसते, ती खरीच आहे. तिच्यामागे कोणाचा पैसा आणि कोणाचे अर्धपोटी श्रम उभे आहेत, हे त्या पुस्तकात दिसत नाही.

पैसा आणि संख्या निदान कोठेतरी छापलेली सापडते. तिसरी गोष्ट, म्हणजे मंत्री, कुलपती आणि विद्यापीठे यांच्यामधील पत्रव्यवहार, ही याहून अवघड आहे. २०२० साली करोनाच्या साथीत तिचा अनुभव महाराष्ट्रास आला. मे महिन्यात राज्याचे उच्च व तंत्र शिक्षण मंत्री श्री. उदय सामंत यांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करण्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगास पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे अवाजवी हस्तक्षेप असून परीक्षा न घेणे हे आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांचे आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याचे उल्लंघन ठरेल, असे पत्र राज्यपाल व कुलपती श्री. भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री श्री. उद्धव ठाकरे यांस लिहिले. मेअखेर मुख्यमंत्र्यांनी परीक्षा न घेण्याचे जाहीर केले. ६ जुलै रोजी आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा झाल्याच पाहिजेत असे कळविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आणि २८ ऑगस्ट रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, परीक्षेवाचून राज्यांस पदवी देता येणार नाही, मुदत मात्र वाढवून मागता येईल. अखेर त्या शरदात परीक्षा झाल्या. पत्रे मंत्रालयातून दिल्लीस आणि मलबार हिलवरून मंत्रालयात जात असता, पनवेलसारख्या गावांतील अंतिम वर्षाचा विद्यार्थी आपण उत्तीर्ण आहोत, परीक्षार्थी आहोत की दोन्ही नाही, हे न कळता चार महिने बसून होता.

या वादात कोण बरोबर होते, हे ठरविण्याचा आमचा हेतू नाही. साथीत परीक्षा घेऊ नये म्हणणाऱ्यास विद्यार्थ्यांच्या जिवाची काळजी होती, आणि घ्यावी म्हणणाऱ्यास पदवीच्या किमतीची. आमचे म्हणणे निराळे आहे. त्या प्रकरणात पत्रे लोकांसमोर आली. कोणी कोणास काय लिहिले, कोणत्या कायद्याचा आधार घेतला, हे घरबसल्या वाचता आले, न्यायालयातही वाद लेखी आधारावर झाला. म्हणून कलह कटू असला तरी त्याचा निवाडा होऊ शकला. ज्या पत्रांचा कधी बोभाटा होत नाही, ज्या सूचना दूरध्वनीवरून जातात, ज्या नेमणुका कोणाच्या तरी 'इच्छेने' होतात, त्यांचा निवाडा कोण करणार? आदेशाखाली सही असते, इच्छेखाली नसते. सार्वजनिक अधिकार जेव्हा इच्छेच्या रूपाने वावरू लागतो, तेव्हा जबाबदार कोण हे कोणासच सांगता येत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा की, प्रत्येक पत्र लोकांसमोर येणार असे झाल्यास मंत्री आणि कुलगुरू मोकळेपणाने लिहिणारच नाहीत. राज्यकारभारात सल्लामसलतीस काही खाजगी जागा लागते, हे आम्ही मान्य करतो. परंतु सल्ला आणि हुकूम यांत फरक आहे. निर्णय होईपर्यंत सल्ला पडद्याआड राहिला तर बिघडत नाही. निर्णय झाल्यावर त्याची कारणे लपविण्यास आधार उरत नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने मंत्रिमंडळाच्या कागदांपुरती हीच मर्यादा घातली आहे. टिपणे, अभिप्राय, सल्ले, परिपत्रके, आदेश हे सर्व त्या कायद्याने 'माहिती' या शब्दात बसविले असून, महाराष्ट्राने तर २००२ सालीच स्वतःचा असा कायदा केला होता. तोंडी सूचनेचा मार्गही मोकळा नाही. वरिष्ठाने दिलेला तोंडी आदेश शक्य तितक्या लवकर लेखी करून घ्यावा, असा अखिल भारतीय सेवांच्या आचारनियमांत १९६८ पासून दंडक आहे. जो नियम सनदी अधिकाऱ्यास लागू, तो विद्यापीठास सूचना करणाऱ्या मंत्र्यास जाचक का वाटावा?

दुसरा आक्षेप विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा. सरकारला हिशेब द्यावयाचा म्हटले की सरकार आत शिरणार, अशी भीती बाळगण्यास इतिहासाचा आधार आहे. लॉर्ड कर्झन यांनी १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट केली, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यास कसून विरोध केला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने उच्च शिक्षण मंत्र्यांस प्र-कुलपती करणारे विधेयक मंजूर केले, तेव्हाही हीच शंका पुन्हा उठली. सरकार बदलल्यावर ते विधेयक मागे पडले. परंतु हिशेब मागणे आणि हुकूम देणे या दोन भिन्न क्रिया आहेत. काय शिकवावे, कोणास उत्तीर्ण करावे, हे विद्यापीठाने ठरवावे. ठरविले ते कसे पार पडले, हे मात्र त्याने लोकांस सांगितले पाहिजे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीवाचून अमलात आणली, कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंस पदावरून दूर व्हावे लागले. ती पद्धत निवडण्याचा अधिकार विद्यापीठाचाच होता. ती फसल्याची किंमत मात्र ज्या मुलांचे पुढील प्रवेश हुकले त्यांनी मोजली. स्वायत्तता ही दुसऱ्याच्या खर्चाने चुकण्याची सनद नव्हे. जी संस्था स्वतःहून हिशेब प्रसिद्ध करते, तिच्यात हात घालण्यास सरकारला निमित्त उरत नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या मुलाचे काम झाल्यावर गप्प बसणाऱ्याकडे दोष जातो काय? आमचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण असे. जाब विचारण्याची साधने सर्वांच्या हाती सारखी नसतात. अर्थसंकल्पाचे पुस्तक उघडणे, माहितीसाठी अर्ज लिहिणे, तीस दिवसांनी उत्तर न आल्यास अपील करणे, आमदारास विधिमंडळात प्रश्न विचारावयास लावणे, या गोष्टी सुशिक्षित मध्यम वर्गास सुचतात आणि जमतात. ज्या घरातील पहिलेच मूल महाविद्यालयात जात आहे, ज्याचे शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर न आल्यास शिक्षण सुटण्याची वेळ येते, त्या घरास त्या सुचतीलच असे नाही. आणि सुचल्या तरी विचारल्याचा राग मुलावर निघेल ही धास्ती त्यास अधिक असते. ज्याचे नुकसान सर्वांत मोठे त्याचा आवाज सर्वांत लहान, आणि ज्याचा आवाज ऐकला जातो त्याने फी भरून आपली वाट मोकळी करून घेतलेली, अशी आजची स्थिती आहे. मध्यम वर्गास मिळालेले शिक्षण हेही पूर्वीच्या कोणा करदात्या रयतेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शाळा-महाविद्यालयांतून मिळालेले आहे. फुल्यांनी १८८२ साली दाखविलेले ते ऋण अद्याप फिटलेले नाही, आणि ते फेडण्याचा एक मार्ग असा की, स्वतःसाठी नव्हे तर शेजाऱ्याच्या मुलासाठी प्रश्न विचारावा.

यासाठी चळवळ उभारण्याची किंवा मोर्चा काढण्याची गरज नाही. सुकापुरातील एखाद्या सोसायटीच्या वाचनालयात दहा कुटुंबांनी एकत्र बसून आपल्या परिसरातील एका महाविद्यालयाबद्दल चार प्रश्न ठरवावेत : मंजूर अध्यापक किती व प्रत्यक्ष किती, अनुदान किती मंजूर झाले व किती पोहोचले, तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी पदवीधर किती झाले, आणि गेल्या वर्षी शासनाकडून त्या महाविद्यालयास कोणकोणती पत्रे आली. चारही प्रश्न कायद्याच्या चौकटीत बसणारे आहेत. उत्तर आले तर ते गावात वाचून दाखवावे, न आले तर ती गोष्टही तितक्याच मोठ्याने सांगावी, आणि पुढील वर्षी तेच चार प्रश्न पुन्हा विचारावेत.