आपल्या माणसांच्या पुढची पायरी

वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात लग्नाच्या मिस्साला गेलं, की संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय बहुतेक वेळा कानावर पडतो. मग प्रवचनात ग्रीक भाषेतल्या प्रेमाच्या चार शब्दांची ओळख होते: एरोस म्हणजे स्त्रीपुरुषांमधली ओढ, स्तोर्गे म्हणजे घरातली माया, फिलिया म्हणजे मैत्री आणि आगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम. नवरा-नवरीला ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी जाते. पण मूळ ग्रंथ वाचायला बसलं, की तो आपल्याकडून याहून अधिक मागतो असं ध्यानात येतं.

एरोस हा शब्द नव्या करारात एकदाही येत नाही. स्तोर्गे सुटा सापडत नाही, तो जोडशब्दांतच भेटतो. आगापे मात्र शंभराहून अधिक वेळा येतो आणि त्याच्या क्रियापदाचा प्रवास विचार करायला लावतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात देवानं जगावर केलेल्या प्रेमासाठी हे क्रियापद आहे. तीनच वचनं पुढे गेलं, की माणसांना उजेडापेक्षा अंधार अधिक आवडला असं सांगताना तेच क्रियापद वापरलं आहे. पौलाचा सहकारी देमास ऐहिक जगाच्या मोहानं त्याला सोडून गेला, तिथंही तेच. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, अत्याचार करतो त्या कथेतही हाच शब्द आहे. म्हणजे आगापे हे नाव दिल्यानं प्रेम पवित्र होत नाही. ते कुणापर्यंत पोहोचतं आणि पोहोचल्यावर काय करतं, यावर त्याची परीक्षा होते.

करिंथकरांच्या त्या अध्यायातही पौल प्रेमाची व्याख्या करत नाही. चौथ्या ते सातव्या वचनांत मूळ ग्रीकमध्ये सलग पंधरा क्रियापदं आहेत. प्रेम काय करतं आणि काय करत नाही, एवढंच तो सांगतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तर पायऱ्याच मांडल्या आहेत: श्रद्धा, सद्गुण, ज्ञान, संयम, धीर, भक्ती, बंधुप्रेम आणि शेवटी प्रेम. या पायऱ्या एकीला एक जोडत जाण्यासाठी लेखकानं निवडलेलं क्रियापद 'खोरेगोस' या शब्दाशी नातं सांगतं. अथेन्समध्ये नाटकाच्या गायकवृंदाचा सगळा खर्च स्वतः उचलणारा धनवान नागरिक म्हणजे खोरेगोस. तेव्हा सद्गुण हा मनात जपून ठेवायचा भाव नव्हे, त्यासाठी पदरचं मोडावं लागतं.

या क्रमात सातवी पायरी फिलादेल्फियाची, म्हणजे बंधुप्रेमाची आहे आणि आठवी आगापेची. आपल्या माणसांवरचं प्रेम सातव्या पायरीपर्यंत नेतं. त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण जिना तिथं संपत नाही.

रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात हे आणखी स्पष्ट होतं. नवव्या ते तेराव्या वचनांत पौलानं हे सगळे शब्द एकत्र आणले आहेत: ढोंग नसलेलं आगापे, भावंडांमधलं फिलादेल्फिया, घरच्या मायेचा जोडशब्द फिलोस्तोर्गोस आणि अखेरीस फिलोक्सेनिया, म्हणजे परक्यावरचं प्रेम. हा परक्याचा पाहुणचार तो दारात आला तर करा, इतकंच पौल म्हणत नाही. त्याच्या मागे लागा, असं सांगतो. पुढच्याच वचनात छळ करणाऱ्यांना आशीर्वाद द्यायला सांगताना तो तेच क्रियापद वापरतो. जे छळण्यासाठी तुमच्या पाठीस लागले आहेत त्यांना आशीर्वाद द्या, आणि तुम्ही मात्र पाहुणचाराच्या पाठीस लागा. हे पत्र ज्या रोमला गेलं, तिथून सम्राट क्लॉडियसनं यहुद्यांना हाकललं होतं. इथले कोण आणि बाहेरचे कोण, या प्रश्नाची धग त्या शहराला ठाऊक होती.

तोच प्रश्न आज वसई-विरारपुढे आहे.

बंधुप्रेम वसईला शिकवावं लागत नाही. कुपारी असोत, वाडवळ असोत, कोळी, आगरी किंवा ईस्ट इंडियन असोत, गावात मयत झाली की निरोपाची वाट न पाहता माणसं जमतात. लग्नघरी आळीच्या आळी कामाला लागते. पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतला, मग इंग्रज आले. राज्यं बदलत गेली, तरी या समाजांनी एकमेकांच्या आधारानं आपली भाषा, वाड्या आणि रीतिरिवाज राखले.

पण रेल्वेच्या दोन्ही अंगांना आता दुसरं शहर उभं आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, कोकण, मराठवाडा, कुठून कुठून आलेली माणसं नालासोपारा-विरारच्या चाळींत आणि इमारतींत राहतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीत वसईच्या सनसिटी मैदानावर गावी जाणारी गाडी मिळावी म्हणून हजारो मजूर कच्च्याबच्च्यांसह उन्हात गोळा झाले होते. आपल्या घरांच्या भिंती बांधणारे, आपली भाजी वाहणारे, आपल्या कारखान्यांत राबणारे हेच हात होते. संकटाच्या त्या दिवसांत त्यांना या शहरापेक्षा शेकडो कोसांवरचं गाव जवळचं वाटलं. असं का वाटलं, याचं उत्तर त्यांच्याकडून काम घेणाऱ्या शहरानंच शोधायला हवं.

'बाहेरच्यांनी वसई बिघडवली' हे वाक्य आपल्याकडे सहज बोललं जातं. पाण्याची टंचाई, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते, लोकलमधली जीवघेणी गर्दी, ही दुखणी खरी आहेत. पण बावखलं, म्हणजे गावागावांतली गोड्या पाण्याची तळी, कुणी बुजवली? वाड्यांचे सौदे कुणी केले? अनधिकृत इमारतींकडे कुणी डोळेझाक केली? घरासाठी आयुष्याची पुंजी घालणाऱ्या कुटुंबानं यातलं काहीच केलेलं नाही. जमीन विकणारे, ती विकत घेणारे आणि परवानगी देणारे यांत आपलीही माणसं होती. आपल्या माणसाच्या चुकीवर पांघरूण घालून परक्यावर बोट ठेवणारं बंधुप्रेम सातव्या पायरीवर अडकून पडतं. तिथं फार काळ थांबलं, की त्याची गटबाजी होते.

इथंच पेत्राच्या दुसऱ्या पायरीकडे वळावं लागतं. तिथला शब्द आहे आरेते. नव्या करारात तो मोजक्या चार वचनांत येतो. होमरच्या काव्यात आरेते म्हणजे वीराचं शौर्य, पुढे तत्त्वज्ञांनी त्याला चारित्र्याच्या उत्तमतेचा अर्थ दिला. पेत्राच्या पत्रात तो श्रद्धेच्या लगेच पुढे उभा आहे. प्रेमापर्यंत जायचं तर वाटेत धैर्य लागतं, असं मला त्या क्रमातून उमगतं.

असं धैर्य वसईनं जवळून पाहिलं आहे. नंदाखालला १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले. 'सुवार्ता' या मासिकाचं संपादन त्यांनी १९८३ पासून २००७ पर्यंत केलं. वसईचं पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी झालेल्या हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात त्यांच्यासोबत निरनिराळ्या धर्मांचे वसईकर रस्त्यावर उतरले. गुंडगिरीच्या दहशतीच्या त्या काळात गप्प बसणं सुरक्षित होतं, तेव्हा हा धर्मगुरू बोलत राहिला. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मग्रंथ मराठीत आणणं आणि गावच्या पाण्यासाठी, झाडांसाठी उभं राहणं, ही दोन्ही त्यांच्या लेखी एकाच श्रद्धेची कामं होती. प्रेमाला आरेतेची जोड मिळाली, की ते अन्यायाला नाव घेऊन अन्याय म्हणतं, आणि तरीही माणसाचा द्वेष करत नाही.

म्हणून आपल्या धर्मग्रामांना, मंडळांना, गृहसंकुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पाण्यासाठी लढाल तेव्हा जुन्या गावाच्या नळाबरोबर चाळीतल्या टँकरचाही प्रश्न मागणीपत्रात लिहा. शाळाप्रवेशासाठी, दवाखान्यासाठी, रेशनकार्डासाठी कुणाला मदत करत असाल, तर त्या यादीत आपल्या आडनावांखेरीज किती नावं आहेत ते पाहा. एखाद्याला घर भाड्यानं नाकारताना त्याचा प्रांत किंवा धर्म मनात आला असेल, तर तो निर्णय पुन्हा तपासा. आपल्यातला कुणी बावखल बुजवत असेल, तर नातं सांभाळत का होईना, त्याला समोरासमोर थांबवा.

यातल्या प्रत्येक गोष्टीला खर्च आहे: वेळेचा, पैशाचा, कधी नात्याचाही. तो उचलायची तयारी नसेल, तर आगापेवरचं उत्तमातलं उत्तम प्रवचनही कानांपुरतंच राहील. आपल्या माणसांवर प्रेम करायला वसई पूर्वजांकडून शिकली. परक्या माणसावर प्रेम करणं हे आपल्या पिढीच्या वाट्याला आलेलं काम आहे, आणि ते आपल्यालाच करायचं आहे.