विठ्ठलाची तीन अक्षरे

मुलुंडची एक मुलगी बी.ए.ला मराठी शिकत होती. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या जोडीला मायनर विषय घ्यायचा होता. तिने संगणक निवडला. बाबा म्हणाले, "दोन डगरींवर हात ठेवू नकोस. घ्यायचा तर पूर्ण संगणकच घे." पण अभंगांवर तिचा जीव होता.

वर्गात सरांनी काम दिले. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे असतात, चौथ्यात चार. अभंगांच्या गाथेतले चरण तसे आहेत का, ते तपासायचे होते. शेजारच्या इंजिनिअरिंगच्या दादाने तासाभरात प्रोग्रॅम लिहून दिला. त्या प्रोग्रॅमने जवळजवळ सगळे चरण चुकीचे ठरवले.

दादा म्हणाला, "प्रोग्रॅम बरोबर आहे. तुमच्या संतांचंच मोजणं चुकलं असेल."

वर्गमैत्रीण म्हणाली, "यंत्राला काय कळणार अभंग! आपण बोटांवरच मोजू."

मुलीने दोघांचेही ऐकले नाही. तिने 'विठ्ठल' हा एकच शब्द प्रोग्रॅमला दिला. उत्तर आले, सहा! एका विठ्ठलानेच अख्खा चरण भरला. कानाला तर वि, ठ्ठ, ल अशी तीनच अक्षरे ऐकू येतात. संगणक मात्र व, वेलांटी, ठ, पाय मोडल्याची खूण, पुन्हा ठ आणि ल अशी सहा चिन्हे मोजत होता.

वेलांटी वेगळी मोजायची नाही आणि जोडाक्षर एकच धरायचे, हे तिने प्रोग्रॅममध्ये लिहिले. मग चरण जुळू लागले. जे थोडे जुळले नाहीत, तेच खरे अभ्यासाचे निघाले.

सरांना आनंद झाला. ते म्हणाले, "विंडोजवरचा 'मंगल' हा देवनागरी टंक र. कृ. जोशींनी घडवला. ते कवी आणि सुलेखनकार होते, पवईच्या आयआयटीत शिकवत. अक्षराचं वळण हाताला ठाऊक होतं, म्हणून ते संगणकाला देता आलं."

मुलीने घरी सगळे सांगितले. बाबा म्हणाले, "दोन्ही शीक, पोरी. पण दोन्ही मन लावून शीक."

बोध : संगणक सांगितले तेवढेच मोजतो, काय मोजायचे, हे दुसऱ्या विद्येकडून शिकावे लागते. म्हणून संगणक जरूर शिकावा, पण आपल्या आवडीचा विषय सोडून नव्हे, त्याच्या जोडीने.