भीतीविना सांगता यावे : मुलांची ऑनलाइन सुरक्षितता आणि पालकांची जबाबदारी

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुधा मोबाइल कोणत्या वयात द्यावा आणि दिवसातून किती वेळ द्यावा या दोन प्रश्नांपाशीच थांबते. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ मधील पाहणीत मात्र ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे आढळले, आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरल्याचे ५७ टक्क्यांनी, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे ७६ टक्क्यांनी सांगितले. फोन मुलांच्या हाती आलेलाच आहे, हे एकदा मान्य केले की अधिक कठीण प्रश्न समोर येतो : त्या पडद्यावर काही विपरीत घडले, तर मूल ते कोणाला सांगेल आणि सांगितल्यावर त्याच्या वाट्याला काय येईल?

धोक्यांची नेमकी ओळख पटण्यासाठी सोनिया लिव्हिंग्स्टन आणि मारिया स्टोइलोवा या अभ्यासकांनी २०२१ मध्ये मांडलेले वर्गीकरण उपयोगी पडते. त्यात चार प्रकारचे धोके सांगितले आहेत : हिंसक किंवा अश्लील मजकूर मुलाच्या नजरेस पडणे हा आशयाचा धोका, अनोळखी प्रौढाने जवळीक साधणे हा संपर्काचा, वर्गमित्रांच्या गटात होणारी बदनामी किंवा छळ हा वर्तनाचा, आणि न वाचता स्वीकारलेल्या अटींमधून मुलाची माहिती, वेळ व पैसा यांचा व्यापार होणे हा कराराचा धोका. पालकांचे लक्ष बहुतेक वेळा पहिल्या प्रकारावर खिळलेले असते. प्रत्यक्षात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मूल एकटे पडते, आणि चौथा प्रकार तर धोका म्हणून ओळखूही येत नाही.

संपर्काच्या धोक्याची रीत समजून घेतली, तर मुले गप्प का राहतात याचा उलगडा होतो. गेममधील गप्पांतून किंवा समाजमाध्यमावरील खोट्या खात्यावरून समवयस्क असल्याचे भासवणारी व्यक्ती आधी कौतुक करते, मग घरच्यांविषयीच्या तक्रारी आपुलकीने ऐकते, हळूहळू संभाषण खासगी ॲपवर नेते आणि विश्वास बसल्यावर एखादे खासगी छायाचित्र मागते. या पद्धतशीर जवळिकीला ‘ग्रूमिंग’ म्हणतात. छायाचित्र हाती येताच ते सर्वांना पाठवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी छायाचित्रे मागितली जातात. या साऱ्या व्यवहाराचे भांडवल एकच असते, आणि ते म्हणजे घरी कळले तर काय होईल ही मुलाची भीती. ज्या घरात कोणत्याही चुकीची शिक्षा मोबाइल काढून घेणे हीच असते, त्या घरात धमकावणाऱ्याचे काम पालकांच्या नकळत सोपे होते.

केवळ बंदीवर उभे असलेले संरक्षण म्हणूनच अपुरे ठरते. युरोपातील अभ्यासांत असे दिसले आहे की निर्बंध वाढवले की मुलांसमोरचे धोके कमी होतात, पण त्याबरोबर शिकण्याच्या आणि स्वतःला सांभाळण्याचे कौशल्य कमावण्याच्या संधीही कमी होतात. लहान वयात फिल्टर, वेळमर्यादा आणि खरेदीवरील कुलूप आवश्यकच आहे. परंतु मूल वाढेल तसे त्याच्यासोबत बसून खाते खासगी कसे ठेवावे, त्रास देणाऱ्याला ब्लॉक कसे करावे आणि ओटीपी कोणालाही का सांगू नये, हे शिकवण्याला अधिक महत्त्व यायला हवे.

तथापि सारा भार पालकांवर टाकणे न्याय्य नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली आहे आणि मुलांचा माग काढण्यास व त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. यातील मनाईचा भाग अधिक मोलाचा आहे, कारण तो कंपनीवर जबाबदारी टाकतो. संमतीच्या तरतुदीला मात्र वास्तवाची मर्यादा आहे, कारण ज्या घरांत आईवडिलांचा फोन मूलच चालवते, तेथे संमतीचा ओटीपीही मुलाच्याच हातात येतो.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवल्यास काय करावे, हे पालकांना आधीच ठाऊक असले पाहिजे. धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण त्याने मागण्या थांबतील याची खात्री नसते. संभाषण पुसून न टाकता खात्याचे नाव व संदेश पुरावा म्हणून जपावेत. छायाचित्र मात्र सल्ल्यासाठीही नातेवाइकांना पाठवू नये, कारण मुलांचे असे चित्र पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, पैसे गेले असल्यास १९३० आणि मुलाला आधार हवा असल्यास १०९८ हे क्रमांक आहेत. ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा छायाचित्र अपलोड न करता मुलाच्याच फोनवर त्याचा आकड्यांतील ठसा तयार करते आणि त्या ठशाच्या आधारे सहभागी कंपन्या ते चित्र शोधून हटवू शकतात. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, पोलिसांनी गणवेशात नसताना घ्यायचा असतो आणि त्याची ओळख उघड करण्यास मनाई आहे. ही माहिती असलेल्या कुटुंबाला बदनामीच्या धास्तीने तक्रार टाळण्याचे कारण उरत नाही.

पण तक्रारीची वेळ येण्याआधी मुलाने घरी बोलायला हवे, आणि त्यासाठी मोठ्यांनी वेळ द्यायला हवा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. या प्रयोगाचे खरे महत्त्व हे की तो नियम मोठ्यांनाही लागू होता. जे पालक स्वतः पडद्यावरून मान वर करत नाहीत, त्यांना काही सांगावे असे मुलाला वाटणे अवघड असते, आणि फोन बाजूला ठेवलेल्या मोठ्या माणसाचा वेळ ही मुलाच्या सुरक्षिततेची पहिली अट आहे. त्या वेळात पालकांनी एक वचन स्पष्ट शब्दांत द्यायला हवे : चूक कोणाचीही असो, घडलेले सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही आणि रागावण्याआधी मदत केली जाईल. हे वचन पाळले गेले, तर धमकावणाऱ्याच्या हातातील एकमेव शस्त्र निकामी होते. आणि ते निकामी करणे कोणत्याही ॲपला किंवा कायद्याला शक्य नाही, केवळ पालकांनाच शक्य आहे.